अर्ध्या किलोचा एसी

आमचे हे किराणा दुकानदार. समुद्रपूरला पुढे दुकान, मागे घर आणि बाजूला पत्र्याच्या सावलीत आमची जुनी गाडी. स्वभाव तसा गरीब, पण जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला जमते अशी यांची पक्की समजूत आहे. जी जमली नाही ती मुळात करण्याजोगीच नव्हती, हेही यांचंच मत. पंखा दुरुस्त करायला बसले आणि तो दोन तुकड्यांत हाती आला, तेव्हा म्हणाले होते, "तसाबी थो वाराच कुठी देत होता." लग्नापासून हे ऐकत आले आहे, त्यामुळे आता मी वादबिद घालत नाही. फक्त टोमणे मारते, आणि त्यात माझा हात धरणारं समुद्रपुरात कोणी नाही.

मागच्या हिवाळ्यात यांना लकव्याचा हलका झटका आला. सेवाग्रामच्या दवाखान्यात राहून घरी आलो. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालू लागला. जीभही परत आली, आणि अशी आली की आणखी थोडी सवड घेतली असती तरी चाललं असतं असं मला वाटलं. मागे राहिला तो फक्त डावा हात. बोटं मिटतात, उघडतात, पण त्यांच्या मर्जीने. सकाळी हे शर्टाची गुंडी लावायला घेत आणि ती काजात जायला तयार होत नसे. मग मीच पुढे होऊन लावून टाकत असे. हे तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहत, आजची तिथी अगदी आत्ताच कळायला हवी असल्यासारखे.

मदत मागणं यांच्या घराण्यातच नाही. पोळीचा घास तुटला नाही तर "भूक नाई" म्हणतील, पण "तोडून दे" म्हणणार नाहीत. आणि मलाही मागेपर्यंत थांबवत नाही, हाही भाग आहेच.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी यांना आपली बोटं दाबायला लावली, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, जवळपास गाडी चालवायला हरकत नाही, फक्त बाईंना सोबत घेत जा. यातलं "हरकत नाही" यांनी सगळ्या गावाला सांगितलं. बाईंचं काय ते दवाखान्याच्या दारातच राहिलं. गियर डाव्या हाताने टाकावा लागतो, म्हणून पहिल्या दिवशी माझा जीव मुठीत होता. पण हे खरोखर नीट चालवत होते. हळू चालवत होते इतकंच. एक बैलगाडी आमच्या पुढे गेली तेव्हा मी तिच्यावरच्या माणसाला नमस्कार केला. हे त्यावर जामच्या चौकापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मुलगा पुण्याला असतो. त्याला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. त्यातच उन्हाळा लागला आणि गाडी ओरडायला लागली. सुरू केली की इंजिनातून चीं असा आवाज येई, आणि एसी लावला तर तो असा वाढे की रस्त्यावरची माणसं वळून बघत. म्हणून आम्ही ऐन उन्हात काचा खाली करून, तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो. एकदा मुलाचा फोन आलेला असताना यांनी गाडी सुरू केली आणि ती किंकाळी थेट पुण्याला ऐकू गेली.

"बाबा, तुमचा हात असा, गाडी अशी," मुलगा म्हणाला. "आता इकून टाकू. हिंगणघाटचे एक काका जुनी गाडी पाहून राह्यले. मी रविवारी येतो, त्याइलेबी बोलावतो."

"बरं. मी टेशनावर घ्यायले येतो," हे म्हणाले.

"नका येऊ बाबा. मी टेशनावरून बसनं येतो. तुमी आता गाडीले हातच नका लावू."

यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर हे बंद गाडीत बसलेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. इंजिन बंद होतं आणि डाव्या हाताने हे गियर टाकत होते, काढत होते, परत टाकत होते. एरवी मी कशावरूनही यांना चिडवते, पण त्या बसण्यावरून आजवर चिडवलेलं नाही.

रात्री जेवताना हे म्हणाले, "आवाज गाडीचा नाई, पट्ट्याचा आहे. पट्टा बदलला का झालं. रविवारी मीच टेशनावर जातो. पोट्ट्यानं सोता पाहावं."

म्हणजे ठरलं होतं. रविवारी हे गाडी घेऊन स्टेशनवर पोचले तर गाडी राहील, नाहीतर हिंगणघाटचे काका घेऊन जातील. आणि गाडीबरोबर यांचं आणखी काय काय जाईल, ते मला दिसत होतं.

"मग मेकॅनिकले बोलवा न," मी म्हटलं.

"कायले? थो पोट्ट्याचा वर्गमित्र. इकडं बोनेट उघडलं का तिकडं पुण्याले फोन."

यात मात्र खोटं काही नव्हतं. आमच्या गाडीला ओरखडा उठला तरी पुण्याला आमच्या आधी कळतं. तेव्हा पट्टा घरीच बदलायचा आणि गुपचूप बदलायचा असं यांनी ठरवलं. जुन्या पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून हिंगणघाटच्या ठोक व्यापाऱ्याला पाठवला, आणि नवा पट्टा पोह्यांच्या पोत्यांबरोबर टेम्पोतून आला. हमालाने पोती उतरवली, पट्टा उतरवला आणि विचारलं, "शेठजी, हे काय किलोनं इकता का?" गुपचूप म्हणतात ते असं.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं. यांनी शटर अर्धं ओढलं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. त्यात एक माणूस भराभरा हिंदीत बोलत होता आणि बोलता बोलता पट्टा बदलून मोकळा झाला. यांनी तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "याचे दोनी हात चांगले आहे न बाप्पा, याले काय."

अडचण पट्टा काढण्याची नव्हती. हा एकच लांब पट्टा इंजिनाच्या अंगाला असलेल्या सगळ्या चाकांवरून नागमोडी फिरतो. एकाच्या वरून जातो, दुसऱ्याच्या खालून येतो, आणि त्याच्याच जोरावर बॅटरी चार्ज होते, पाणी फिरतं, एसी चालतो. एकदा काढला की कुठून कुठे जात होता ते आठवायला पाहिजे. बोनेटच्या आत त्याचं चित्र चिकटवलेलं असतं म्हणे. आमच्या गाडीत त्या जागी फक्त गोंदाचा डाग उरला होता.

"फोटो काढा," मी म्हटलं.

"फोटोत खोली समजत नाई," हे म्हणाले आणि दुकानात गेले. परत आले ते वजनमापं घेऊन. ओसरीवर पोतं अंथरलं, आणि इंजिनाकडे बघून एकेक माप त्यावर मांडायला सुरुवात केली. सगळ्यात मोठं खालचं चाक, त्याच्या जागी पाच किलो. पाण्याचा पंप दोन किलो. बॅटरी चार्ज करणारं चाक किलोचं. एसीचं चाक अर्धा किलो. ताण देणारी लहान पुली म्हणून पावशेर. मग सुतळीचा गुंडा काढला आणि पट्टा जसा जात होता तशी सुतळी त्या मापांभोवती फिरवून गाठ मारली. सारं आयुष्य या माणसाने सुतळीने पुडे बांधले. त्याचं डोकं असंच चालणार.

मला हसू आवरेना. पण खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं, कारण समोर इंजिन होतं आणि पोत्यावर हुबेहूब तेच इंजिन होतं. तरी मी केरसुणी घेऊन मुद्दाम त्या बाजूला गेले.

"थ्या वजनाले हात नोको लावू," हे तिकडून म्हणाले.

"अर्धा किलो उलसा सरकला वाटते. आता एसी गेला न तुमचा?"

"अर्ध्या किलोचा एसी आहे थो. तू दूर राह्य."

बॅटरीची वायर काढली. जुना पट्टा निघाला, आतून तडे गेलेला, उन्हात भेगाळलेल्या टाचेसारखा. आता नवा बसवायचा. ती ताण देणारी पुली स्प्रिंगवर असते. लांब पाना लावून ती ओढून धरली की पट्ट्याला जागा होते, सोडली की पट्टा ताठ बसतो. म्हणजे एका हाताने पाना ओढून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पट्टा चाकावर चढवायचा. यांचा उजवा हात पान्याला लागणार, आणि मग पट्ट्यासाठी उरणार तो डावा.

मी पदर खोचून पुढे झाले. "मी धरतो," मी म्हटलं. माझ्या माहेरी, हिंगणीकडे, बायाही अशाच बोलतात.

"काई गरज नाई. तू जाय घरात."

यांनी पान्याला सुतळीचे चार पदर बांधले आणि उजव्या हाताने ते ओढून बाजूच्या लोखंडाला गुंडाळून टाकले. बायकोचा हात नको, सुतळी चालेल. माझा असा संताप झाला की मी खरंच घरात गेले आणि भांडी आपटायला घेतली. खिडकीतून मात्र बघत होते. दोन्ही हात मोकळे करून यांनी पट्टा चढवला. डावी बोटं मध्येच थांबत, हे त्यांच्याकडे बघत, आणि ती पुन्हा चालू लागत. बऱ्याच वेळाने सुतळी सोडली. पोत्यावरच्या सुतळीशी पट्टा ताडून बघितला. मग बॅटरी जोडली आणि गाडी सुरू केली.

चीं.

आधीपेक्षा मोठी किंकाळी. शेजारचा कुत्रा उठून उभा राहिला. यांनी लगेच बंद केली, परत सुरू केली, परत तेच. मग किल्ली काढून हे ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. मी बाहेर आले. चांगले दोन-तीन टोमणे तयार होते माझ्याजवळ, पण यांचं तोंड बघून एकही काढला नाही.

हे आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "पोट्टा बराबर म्हनते. ढिला बसला पट्टा. या हातानं काई होत नाई आता. देऊन टाकू गाडी."

या माणसाने "होत नाही" हे शब्द स्वतःबद्दल उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते. पंखा मोडला तेव्हा नाही, दवाखान्यातल्या खाटेवर पडून होते तेव्हाही नाही. मला एकदम रडू फुटेल असं झालं, म्हणून मी तोंड फिरवून बोनेटमध्ये डोकं घातलं. समजत काही नव्हतं, नुसतं बघत होते. आणि मला एका चाकावर लाल दिसलं.

मी जाऊन यांचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले. "कुठी लागलं? रक्त कायचं आहे थे?"

"कायचं रक्त? मले कुठी काई लागलं नाई."

मी परत गेले आणि चाकावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं आणि बुळबुळीतही झालं. वास घेतला तर गोड्या तेलाचा.

"तुमी पट्ट्याले काय लावलं?"

यांनी आधी चष्मा पुसून घेतला. मग म्हणाले, "कुंकू."

आता हे परक्याला सांगायला पाहिजे. आमच्या दुकानात नवीन वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नाही. नवा तराजू येवो, नवं कुलूप येवो की साधा चहाचा चमचा, गोड्या तेलात कुंकू कालवून त्याला टिकली लागते. सासऱ्यांच्या वेळेपासून आहे ते. सुकं कुंकू लोखंडावर धरत नाही, म्हणून तेल. सकाळी मी आंघोळीला गेल्यावर यांनी देवासमोर पट्टा ठेवून त्याची पूजा उरकली होती.

"पूजा केली ते बरं केलं. पण कुंकू लावलं कुठी?"

"आतून."

"आतून काऊन?"

"काम आतूनच तर करते थो," हे म्हणाले. "एका ठिकानी लावून भागलं असतं का? साऱ्या चाकाइले लागाले पाह्यजे म्हून चांगलं सढळ लावलं."

मी तिथेच ओसरीवर बसले. पट्टा चाकाला घट्ट धरूनच फिरतो, आणि आमच्या शेठजींनी त्याच्या नेमक्या धरायच्या बाजूला गोडं तेल चोपडलं होतं, भक्तिभावाने, सढळ हाताने. मला हसू आलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"हाताले काऊन बोल लावता?" मी म्हटलं. "हातानं तं बराबर बसवला. घसरला थो तुमच्या देवभोळेपनानं."

यांना हे पटायला जरा वेळ लागला. उठले, वाकून पट्टा बोटाने दाबून बघितला. ताठ होता. मग यांच्याही तोंडावर हसू आलं आणि लगेच ऐट आली. "म्या तं आधीच म्हटलं होतं, सोपं काम आहे." असं हे कधीच म्हणाले नव्हते.

पट्टा परत काढला. मी तो भांड्याच्या साबणाने घासघासून धुतला आणि यांच्या बनियनच्या आणि माझ्या परकराच्या मधोमध दोरीवर वाळत घातला. शेजारीण गच्चीवरून बघून गेली, विचारलं मात्र काही नाही. तोवर यांनी सगळी चाकं ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसली. ऊन असं होतं की मी चहा ठेवून येते तर पट्टा वाळलेला.

पुन्हा पाना लावला, पुन्हा सुतळी बांधली. यांनी पट्टा उचलला आणि तेवढ्यात सुतळी तुटली. पाना खणकन आपटला. यांचा हात थोडक्यात वाचला. दुकानात आणखी गुंडे होते. हे त्या तुटक्या टोकाकडे बघत उभे राहिले. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. या वेळी मी पुढे झाले नाही, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

मग यांनी पाना उचलून लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धर."

मी धरला. दोन्ही हातांनी अंगाकडे ओढला. स्प्रिंगचा जोर असा की खांद्यापर्यंत कळ गेली. हे पट्टा चढवायला लागले. पाच किलोवरून, दोन किलोच्या पाठीमागून, मग किलोवरून. शेवटी अर्ध्या किलोवर यायचा होता. डावी बोटं पट्ट्याखाली अडकून राहिली. माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, सरका, मी करतो. बोलले नाही.

"उलसं थांब," हे म्हणाले. "येऊन राह्यला."

आला. डाव्या हाताच्या बोटांनीच शेवटची कड आत सरकवली.

"सोड आता. हळू सोडजो."

यांनी गाडी सुरू केली. काही ऐकू आलं नाही म्हणून मी विचारलं, "झाली का सुरू?" हे एसीचं बटण दाबून काचेआड बसून राहिले. मी बाहेर उन्हात उभी. मला आत बोलवायचं सुचायला यांना जरा वेळच लागला.

रविवारी सकाळी आम्ही सेवाग्राम स्टेशनवर. मुलगा बॅग घेऊन बाहेर आला, गाडी बघितली, मग यांना बघितलं. "बाबा, तुमी कायले आले? म्या नाई म्हटलं होतं न." पण पुढचं दार उघडून बसला. मी आधीच मागे जाऊन बसले होते. रस्ताभर तो समोर बघत नव्हता, यांच्या डाव्या हाताकडे बघत होता. हात गियरवर जाई, गियर पडे, हात परत येई. जामच्या चौकात ट्रक आडवा आला. यांनी गाडी हळू केली, दुसरा गियर टाकायला गेले आणि तो पहिल्यांदा गेला नाही. मुलाचा हात उचललेला मी मागून बघितला. यांनी तिकडे न बघताच गियर पुन्हा टाकला. पडला.

बरंच पुढे गेल्यावर मुलाने विचारलं, "आवाज गेला वाटते गाडीचा. कोनं केलं?"

"घरीच केलं."

"तुमी? हात कसा आहे मग आता?"

"चार हात आहे," हे म्हणाले. "गाडीले दोनच लागते."

मुलगा वळून माझ्याकडे बघायला लागला. माझे हात मांडीवर होते आणि नखांमधला काळा मळ अजून निघालेला नव्हता. मी ते पदराखाली घेतले नाहीत. मुलाने मग फोन काढला आणि हिंगणघाटला लावला.

"काका, आज नका येऊ," तो म्हणाला. तिकडून काहीतरी विचारलं. "नाई काका. उद्याबी नका येऊ."

माझे डोळे मुलाला दिसू नयेत म्हणून मी काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"काच लाव वो," हे म्हणाले. "अर्धा किलो चालू आहे."